अपग्रेडनंतर टर्मिनलची हिस्टरी गायब: आधी कॉपी काढा, मग चोर शोधा

हे माझ्याबाबतीत तीनदा घडलंय, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. हिस्टरी म्हणजे शेलने (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम; बॅश आणि झेडशेल हे त्यातले दोन) साठवलेली जुन्या कमांडची यादी. कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टाइप अर्थातच नेहमीसारखी करायची.

पहिल्यांदा घडलं ते असं. दोन वर्षं वापरून वापरून घडत गेलेली माझी एक 'आरसिंक' (फाइली एका जागेवरून दुसरीकडे नेणारी) कमांड होती. काय काय वगळायचं त्याचे नऊ पर्याय, पोर्ट वेगळा, शेवटी ड्राय-रनचा (खरी कॉपी न करता नुसतं काय होईल ते दाखवण्याचा) पर्याय. ती कुठेही लिहून ठेवलेली नव्हती, कारण कंट्रोल-आर (हिस्टरीत मागे शोधण्याची की) दाबून 'आरसिं' एवढं टाइप केलं की ती हजर व्हायची. सर्व्हरवर पॅकेज अपग्रेड केली, दुसऱ्या दिवशी लॉगिन केलं, कंट्रोल-आर दाबलं, आणि प्रॉम्प्टने 'फेल्ड रिव्हर्स-आय-सर्च' असं तोंडावर सांगितलं. पुन्हा पाहिलं, तेच. मग मी जे केलं ते तुम्ही करू नका: खिडकी बंद केली, नवी उघडली, तीही बंद केली, आणखी एक उघडली. जणू दार उघडझाप केल्याने हरवलेली वस्तू घरात परत येणार आहे.

तर हिस्टरी दिसत नाही असं लक्षात आल्याक्षणी पहिलं काम एकच. काहीही बंद करू नका, 'एक्झिट' टाइप करू नका. जी काही हिस्टरी फाइल डिस्कवर आहे तिची कॉपी काढा: 'सीपी ~/.बॅश_हिस्टरी ~/वाचवलेली'. झेडशेल वापरत असाल तर '~/.झेडएसएच_हिस्टरी'. घाई याचसाठी की अपग्रेड स्वतः ही फाइल सहसा पुसत नाही. ती तुमच्या होम डिरेक्टरीत असते आणि पॅकेज मॅनेजर तिथे हात घालत नाही. हिस्टरी जाते ती अपग्रेडनंतर, नव्या सेटिंगने उघडलेला शेल जुन्या फाइलवर कात्री चालवतो तेव्हा. बॅश हे सुरू होतानाही करतो आणि बंद होतानाही. म्हणजे प्रत्येक नवी खिडकी हा एक वार.

दुसरं काम जुनी खिडकी शोधणं. अपग्रेडच्या आधीपासून उघडा असलेला एखादा टर्मिनल, टीमक्सचा (एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालू ठेवणारा प्रोग्राम) एखादा कोपरा, दुसऱ्या मॉनिटरवर विसरलेलं एसएसएच (दूरच्या मशीनवरचं लॉगिन) सेशन. बॅश हिस्टरी मेमरीत धरून ठेवतो, डिस्कवरची फाइल कापली गेली तरी त्या जुन्या शेलच्या पोटात सगळं शाबूत असतं. तिथे जाऊन 'हिस्टरी -डब्ल्यू ~/जुनी_हिस्टरी' द्या. फाइलचं नाव द्यायलाच हवं. नाव न देता नुसतं 'हिस्टरी -डब्ल्यू' म्हटलं तर ते चालू हिस्टरी फाइलीवरच लिहिलं जातं, आणि नंतर दुसरी एखादी खिडकी येऊन ती पुन्हा कापते. ती खिडकी नुसती नीट बंद केल्याने सगळं परत येईल असंही समजू नका. 'हिस्टअपेंड' (फाइल नव्याने न लिहिता तिच्या शेवटी जोडण्याची सेटिंग) चालू असेल तर बाहेर पडताना शेल फक्त त्या सेशनमधल्या नव्या कमांड जोडतो, आधीचा साठा पुन्हा लिहीत नाही.

माझी आरसिंक अशीच मिळाली. तीन आठवड्यांपासून उघड्या असलेल्या टीमक्सच्या एका खिडकीत वीस हजारांवर कमांड तशाच बसल्या होत्या.

टीमक्सवरून एक आडवं पण महत्त्वाचं. अपग्रेडमध्ये टीमक्सही बदलला असेल तर जुन्या सेशनला जोडताना कधी कधी 'प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच' येतं. इथे बहुतेक जण वैतागून 'पीकिल टीमक्स' मारतात, आणि त्याच क्षणी हिस्टरीची शेवटची प्रतही जाते. लिनक्सवर जुना सर्व्हर अजून जुन्याच प्रोग्रामवर चालू असतो, आणि तो प्रोग्राम डिस्कवरून काढलेला असला तरी '/प्रॉक' (चालू प्रोसेसची माहिती दाखवणारी डिरेक्टरी) मधून चालवता येतो. 'पीग्रेप टीमक्स' ने प्रोसेसचा आकडा काढा, मग '/प्रॉक/तो आकडा/एक्झी अटॅच' असं द्या. जुन्या सर्व्हरला जुनाच क्लायंट मिळतो, सेशन उघडतं. हिस्टरी लिहून घ्या, मग खुशाल मारा.

मोजा, आकडाच चोराचं नाव सांगतो

कॉपी हातात आली की शांतपणे पुढचं. आधी नुसतं 'हिस्टरी' टाइप करून बघा (झेडशेलमध्ये 'हिस्टरी १', नाहीतर तो फक्त शेवटच्या थोड्या ओळी दाखवतो). यादी पूर्ण दिसली, पण बाण किंवा कंट्रोल-आर चालत नाही, तर हिस्टरी हरवलेलीच नाही, की-बाइंडिंग हरवलंय. एफझेडएफसारखं (यादीत शोधायचं) टूल अपग्रेडमध्ये बदललं आणि त्याची जोडणीची फाइल हलली की हे होतं. ते वेगळं दुखणं, इथेच सोडतो.

यादी खरंच तोकडी असेल तर 'डब्ल्यूसी -एल ~/.बॅश_हिस्टरी'. आता आकडा बघा. बरोबर ५०० आला, तर बॅशने तुमची सेटिंग वाचलीच नाही, कारण ५०० ही त्याची जन्मजात मर्यादा आहे. २००० आला, तर डेबियन आणि उबुंटूच्या तयार '.बॅशआरसी' (बॅशची सेटिंग फाइल) मधली मर्यादा लागू झाली, तिथे मेमरीसाठी १००० आणि फाइलसाठी २००० लिहिलेलं असतं. झेडशेलच्या फाइलीत साधारण १००० आणि मशीन मॅक असेल, तर ती मॅकची '/ईटीसी/झेडएसएचआरसी' मधली मर्यादा. वेळेची नोंद चालू असेल तर बॅश प्रत्येक कमांडच्या वर '#' ने सुरू होणारी आकड्यांची एक ओळ लिहितो, तेव्हा ओळींचा आकडा दुप्पट दिसेल, त्याला अर्धा करून बघा. आणि ० आला, किंवा फाइलच नाही, तर शेल बहुधा दुसरीकडेच बघतोय: 'इको $हिस्टफाइल' विचारा.

माझ्याकडे नेमका ५०० आला. मग 'इको $हिस्टफाइलसाइझ' (फाइलची मर्यादा) विचारलं, तिथेही ५००. माझ्या '.बॅशआरसी' मध्ये तर पन्नास हजार लिहिलेले होते! फाइल उघडून पाहिली, ओळ जागेवर. म्हणजे फाइल ठीक, पण ती वाचणाराच कोणी नाही.

एसएसएचने आत आल्यावर बॅश 'लॉगिन शेल' म्हणून सुरू होतो, आणि लॉगिन शेल '.बॅशआरसी' थेट वाचत नाही. तो क्रमाने तीन नावं शोधतो: '.बॅश_प्रोफाइल', '.बॅश_लॉगिन', '.प्रोफाइल'. पहिली सापडेल तीच वाचतो, बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. माझ्याकडे फक्त '.प्रोफाइल' होती, आणि तिच्यातल्या दोन ओळी '.बॅशआरसी' ला बोलवत होत्या. वर्षानुवर्षं सुरळीत. अपग्रेडसोबत मी एका टूलचा नवा इन्स्टॉलर चालवला होता, त्याने आपला रस्ता 'पाथ' (कमांड कुठे शोधायच्या त्या जागांची यादी) मध्ये घालण्यासाठी एक नवी '.बॅश_प्रोफाइल' तयार केली. आत एकच ओळ. त्या एका ओळीच्या फाइलीने '.प्रोफाइल' ला झाकलं, '.प्रोफाइल' झाकली म्हणून '.बॅशआरसी' गेली, '.बॅशआरसी' गेली म्हणून मर्यादा ५०० वर आली, आणि पहिल्याच लॉगिनला बॅशने वीस हजारांची फाइल पाचशेवर आणून ठेवली. कुठेही एरर नाही. मी मात्र दोन तास पॅकेजांचे चेंजलॉग चाळत बसलो होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तपासायला सोपं आहे. 'एलएस -एलए ~' देऊन ही तीन नावं बघा, त्यांच्या तारखा बघा. अपग्रेडच्या दिवशीची '.बॅश_प्रोफाइल' दिसली की चोर सापडला. ती पुसू नका, त्या टूलला ती लागत असेल. तिच्या शेवटी '.प्रोफाइल' ला सोर्स करणारी (म्हणजे वाचायला लावणारी) ओळ जोडा: '. ~/.प्रोफाइल'. सुरुवातीचा टिंब, मग जागा, मग नाव.

तरीही २००० वरच अडकतंय?

याने मला सगळ्यात जास्त छळलं. लोक '.बॅशआरसी' च्या अगदी तळाशी 'हिस्टफाइलसाइझ=-१' लिहितात, म्हणजे अमर्याद, आणि तरी फाइल दोन हजारांच्या वर जात नाही. कारण 'हिस्टफाइलसाइझ' ला किंमत देणं ही नुसती नोंद नसते. ज्या क्षणी किंमत दिली जाते त्याच क्षणी बॅश फाइल तेवढ्यावर कापतो. वरती डिस्ट्रोची (डेबियन, उबुंटू वगैरेची) २००० वाली ओळ आधी चालते, फाइल कापली जाते, आणि मग खाली तुमची ओळ येऊन म्हणते की आता कापू नका. उपाय: खाली नवी ओळ जोडू नका, वरचीच ओळ बदला. नव्या मशीनवर किंवा नव्या युजरसाठी '/ईटीसी/स्केल' (नव्या होम डिरेक्टरीचा साचा) मधून ताजी '.बॅशआरसी' आली आणि तुम्ही आपल्या जुन्या चार ओळी तिच्या तळाशी चिकटवल्या, की हा सापळा हमखास लागतो.

-१ चा अर्थ अमर्याद असा बॅश ४.३ पासून लागतो. मॅकवर अजून बॅश ३.२ येतो, त्याला हे कळत नाही. एकच सेटिंग सगळ्या मशीनवर नेत असाल तर सरळ मोठा आकडा लिहा, दहा लाख वगैरे. टेक्स्ट फाइल आहे, डिस्कला काही भार होत नाही.

या सगळ्यावर मी आता वापरतो तो उपाय जरा आडवाटेचा आहे, पण गेली काही वर्षं त्याने दगा दिलेला नाही. हिस्टरी फाइलचं नावच बदलायचं. '.बॅशआरसी' मध्ये मर्यादांच्या वर 'हिस्टफाइल=~/.माझी_हिस्टरी' (नाव काहीही चालेल). कल्पना अशी की सेटिंग न वाचलेला कोणताही शेल, म्हणजे झाकलेल्या प्रोफाइलचा किंवा 'बॅश --नोआरसी' ने उघडलेला, '.बॅश_हिस्टरी' या ठरलेल्या नावाकडेच जातो आणि तीच कापतो. कापू दे. खरा माल दुसऱ्या नावाखाली आहे. सोबत 'शॉप्ट -एस हिस्टअपेंड' हवंच, नाहीतर दोन खिडक्यांपैकी शेवटी बंद होणारी पहिलीचं सगळं पुसून आपलं लिहिते.

प्रत्येक कमांडनंतर लगेच फाइलीत लिहावं म्हणून बरेच जण 'प्रॉम्प्ट_कमांड' (दर प्रॉम्प्टआधी काय चालवायचं ते सांगणारं व्हेरिएबल) मध्ये 'हिस्टरी -ए' ठेवतात. चांगली सवय आहे, कारण अपग्रेडनंतर मशीन थेट बंद केलं किंवा शेल 'किल -९' ने मेला तर मेमरीतली हिस्टरी डिस्कवर येतच नाही. पण 'प्रॉम्प्ट_कमांड' वर अनेकांचा डोळा असतो. काही टर्मिनलांच्या स्क्रिप्ट '/ईटीसी/प्रोफाइल.डी' मध्ये बसतात आणि त्यात जोडण्याऐवजी सरळ आपली किंमत टाकून देतात. अपग्रेडनंतर 'इको $प्रॉम्प्ट_कमांड' करून तुमचं 'हिस्टरी -ए' अजून तिथे आहे का ते बघा. नसेल तर '.बॅशआरसी' मध्ये जुन्या किमतीच्या पुढे जोडा, तिच्यावर लिहू नका. नाहीतर आपणही त्याच माळेतले मणी.

मॅक आणि झेडशेल

दुसऱ्यांदा घडलं ते मॅकवर, आणि तिथे काहीच हरवलेलं नव्हतं. २०१९ च्या कॅटलिनापासून नव्या युजरसाठी ठरलेला शेल बॅशऐवजी झेडशेल झाला. जुन्या युजरला शेल बदलण्याची सूचना दिसते, आपण ती दिलेली 'सीएचएसएच' कमांड चालवतो, आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो हिस्टरी गेली. बॅशची हिस्टरी बॅशच्या फाइलीत आहे, झेडशेल स्वतःची फाइल वाचतोय, एवढंच. 'पीएस -पी $$' दिलं की आपण कोणत्या शेलमध्ये आहोत ते कळतं.

जुनी हिस्टरी आत घ्यायची तर आधी '~/.झेडएसएचआरसी' मध्ये 'हिस्टसाइझ' (मेमरीची मर्यादा) आणि 'सेव्हहिस्ट' (फाइलची मर्यादा) दोन्ही मोठे करा. क्रम चुकवू नका, नाहीतर आत आलेलं पुन्हा हजारावर कापलं जाईल. मग नव्या खिडकीत 'एफसी -आर ~/.बॅश_हिस्टरी' आणि लगेच 'एफसी -डब्ल्यू', दोन्ही अक्षरं कॅपिटल. वेळेच्या '#' वाल्या ओळी असतील तर त्या कमांड म्हणून आत येतील, म्हणून आधी कॉपीतून गाळून घ्या.

लिनक्सवर नुसतं झेडशेल टाकून वापरायला लागलात तर आणखी एक गंमत: त्याची मूळ सेटिंग हिस्टरी फाइलीत ठेवतच नाही. 'हिस्टफाइल' आणि 'सेव्हहिस्ट' आपण द्यावे लागतात. अपग्रेडमध्ये एखादं झेडशेलचं फ्रेमवर्क निघून गेलं, तर ते देत असलेल्या या दोन किमतीही निघून जातात, आणि प्रत्येक खिडकी रोज कोरी पाटी घेऊन सुरू होते.

आता 'करप्ट हिस्टरी फाइल' ही तक्रार. अपग्रेडच्या शेवटी मशीन अचानक बंद पडलं की झेडशेलच्या फाइलीत शून्य किमतीच्या बाइटांचा पट्टा राहू शकतो. सगळीकडे सांगितला जाणारा उपाय असा की 'स्ट्रिंग्ज' कमांडने फाइल गाळून घ्या. मराठीत फाइलनावं ठेवणाऱ्यांनी तो करू नये. 'स्ट्रिंग्ज' साधारणपणे फक्त आस्की (इंग्रजी अक्षरं, आकडे, चिन्हं) ठेवतो, देवनागरी सगळी गाळून टाकतो. 'सीडी ~/हिशेब' ज्या हिस्टरीत देवनागरीत लिहिलेलं होतं, तिथे उरतं 'सीडी ~/'. मी हे एकदा भोगलंय. त्याऐवजी फाइलीचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि 'टीआर -डी' ने फक्त शून्य बाइट काढा: 'एलसी_ऑल=सी टीआर -डी '\०००' < बिघडलेली > ~/.झेडएसएच_हिस्टरी'. मग 'एफसी -आर'. कडेची एखादी ओळ अर्धवट राहिली तर हाताने पुसा.

याच ओघात: झेडशेलच्या फाइलीत 'ग्रेप' ने देवनागरी शोधली आणि काही सापडलं नाही, किंवा अक्षरं फुटकी दिसली, तर फाइल बिघडलीय असं समजू नका. झेडशेल काही ठरावीक बाइट आपल्या खुणेने बदलून साठवतो. 'क' हे अक्षर तीन बाइटांचं, त्यातला शेवटचा बाइट त्या बदलाच्या टप्प्यात येतो, म्हणून फाइलीत तो दोन बाइट होऊन बसतो. शेलच्या आत 'हिस्टरी १' मधून ग्रेप करा, सगळं जिथल्या तिथे दिसेल.

उरलेले, थोडक्यात

फाइलीचा मालक बघा: 'एलएस -एल ~/.बॅश_हिस्टरी'. अपग्रेडच्या धावपळीत सुडोने (रूट म्हणजे प्रशासकाच्या हक्काने) शेल उघडला आणि होम तुमचंच राहिलं, तर फाइल रूटच्या नावे होऊ शकते. मग तुमचा बॅश तिच्यात लिहू शकत नाही, आणि तसं सांगतही नाही. 'चोन' करून (मालक बदलून) परत घ्या. डिस्क भरली आहे का तेही 'डीएफ' ने बघा, पॅकेजांचा कॅश शेवटचे मेगाबाइट खाऊन बसलेला असतो. कंटेनरमध्ये काम करत असाल तर नवी इमेज म्हणजे नवं होम, हिस्टरी बाहेरच्या व्हॉल्यूमवर ठेवल्याशिवाय ती टिकणार नाही, त्यात शोधण्यासारखं काही नाही.

चुकीच्या सेटिंगने उघडलेल्या खिडक्या बंद करायच्या तर आधी त्यात 'अनसेट हिस्टफाइल' द्या, मग 'एक्झिट'. फाइल नसली की शेल काहीच लिहीत नाही. सगळ्या अशा बंद झाल्या की वाचवलेली जुनी आणि कापलेली नवी फाइल 'कॅट' ने जोडून जागेवर ठेवा आणि 'सीएचमॉड ६००' करा, म्हणजे ती फक्त आपल्यालाच वाचता-लिहिता येईल. हिस्टरीत कधीतरी टाइप झालेला पासवर्ड असतोच, आणि आपण मघाशी होममध्ये तिच्या दोन-तीन कॉप्या पाडल्या आहेत. त्या पुसायला विसरू नका.

तिसऱ्यांदा गेली ती शेलची नव्हे, पायथनची हिस्टरी, म्हणून तेही इथेच. पायथनच्या प्रॉम्प्टला वर बाण दाबला की जुन्या ओळींत जागेच्या ठिकाणी '\०४०' दिसायला लागलं. हे रीडलाइन आणि लिबएडिट या, टाइप होणारी ओळ आणि हिस्टरी सांभाळणाऱ्या, दोन लायब्ररींचं भांडण आहे. लिबएडिट फाइलीच्या पहिल्या ओळीत '_हिस्टरी_व्ही२_' अशी खूण, लहान-मोठी अक्षरं मिसळून, लिहितो आणि जागा '\०४०' म्हणून साठवतो, रीडलाइनला त्यातलं काही कळत नाही. अपग्रेडमध्ये प्रोग्राम एका लायब्ररीवरून दुसरीवर गेला की असं होतं, डेटाबेसच्या क्लायंटमध्येही. पहिली ओळ काढा, 'सेड' ने '\०४०' च्या जागी साधी जागा घाला, झालं. मशीनवर दोन पायथन दोन वेगळ्या लायब्ररी घेऊन नांदत असतील तर ते एकमेकांची फाइल पुन्हा पुन्हा खराब करतील. ३.१३ पासून 'पायथन_हिस्टरी' या व्हेरिएबलने फाइलीची जागा बदलता येते. मी नव्याला वेगळी फाइल दिली आणि जुन्याला '~/.पायथन_हिस्टरी' वर सोडून दिलं.